फुलांची परडी आणि ओकव्हिलचा पोलीस

कॅनडात ओकव्हिलला शालूच्या दारात गाडी थांबली आणि माझ्या पोटात दुखले. शालू माझी धाकटी बहीण. तिचे घर दुमजली, शिवाय जमिनीखालचा बेसमेंटचा मजला वेगळाच. गल्लीच्या टोकाला समुद्राएवढे तळे. माझ्या गावी दोन खोल्या. मी "बरं आहे" म्हटले आणि चहा मागितला. चहा पाणचट निघाला, तेवढेच समाधान.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या फुलांसाठी परडी घेऊन निघाले. मागून शालू आली.

"ताई, इथे विचारल्याशिवाय तोडत नाहीत."

"कुंपणाबाहेर आलेली फुलं देवाची. आपण नाही का तोडायचो?"

सहा फुले तोडली तोच पोलिसांची गाडी आमच्यापुढे आडवी उभी राहिली. पोरगेलासा पोलीस उतरून इंग्रजीत काही विचारू लागला. मला एक अक्षर कळले नाही, वर्दी कळली. परडी मांडीवर घेऊन मी फुटपाथच्या कडेला बसले.

शालूने त्याला एकच वाक्य विचारले. तो हसला, बाजूला झाला. आम्ही चालू लागलो.

"काय विचारलंस गं?"

"आम्हाला डिटेन केलंय, म्हणजे अडकवून ठेवलंय, की आम्ही जाऊ शकतो? म्हणाला जा, पुढच्या वेळी मालकाला विचारा."

"पण त्याने हात कुठे लावला होता?"

"हात लावायलाच हवा असं नाही. गाडी आडवी, तुझं वय, तुला भाषा येत नाही, हे सगळं कोर्ट बघतं. तुझ्या जागी शहाण्या माणसालाही निघता येणार नाही असंच वाटलं असतं, तर ते अडकवणंच. मग का अडवलं ते पोलिसाने सांगायचं, वकिलाशी बोलू द्यायचं. लायब्ररीतल्या कायद्याच्या क्लासमध्ये शिकले मी."

मी थांबले. आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी तिच्याकडेच निघाले होते. शेजाऱ्यांच्या भांडणाची साक्ष हवी म्हणून हवालदाराने वाटेतच चौकीत बोलावले. म्हणाला, "बसा जरा." दार उघडे होते. मी दिवेलागणीपर्यंत बाकावर बसले. आईच्या तोंडात पाणी घातले शालूने, कॅनडाहून येऊन. वीस वर्षे मी त्यावरून जळते आहे. भाऊ अजून विचारतो, तुला कोणी धरलं होतं?

"म्हणजे मलाही अडकवलंच होतं?"

"इथे असतीस तर बहुतेक तसंच म्हणाले असते. पण ताई, जाऊ का म्हणून तू विचारलंस?"

"नाही."

घरी येऊन सहाही फुले मी आईच्या फोटोला वाहिली. शालूला एकही दिले नाही.

महिन्याने परतले. आमच्या एसटी स्टँडवर हवालदाराने बॅग बघायला थांबवले. बॅग बघून झाली तरी तो काठी आडवी धरून दुसऱ्याशी गप्पा मारत राहिला. माझे पाय बाकाकडे वळले होते.

"साहेब, मला थांबवलंय की मी जाऊ?"

"जा की आजी. तुम्हाला ठेवून काय करू?"

काठी बाजूला झाली. मी निघाले.

शालूचे घर, तळे, बेसमेंट तिला लखलाभ. हे एक वाक्य तेवढे माझ्याकडे आधी हवे होते.