सुरेखाचा हात, चैत्रालीचं पिस्तूल

आमची सुरेखा जळकी आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाहीये. हे वाक्य तिला वाचून दाखवलं, तेव्हा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "नुसतं जळकी काय, भयंकर जळकी लिही." शेजारच्या बाईंच्या हायड्रेंजियाला आमच्यापेक्षा गडद फुलं आली, तर ती आठवडाभर त्या बाजूचा पडदा उघडत नाही. पण ते किरकोळ. तिची खरी, लोणच्यासारखी मुरलेली जळजळ एकाच माणसासाठी राखून ठेवलेली आहे. ते माणूस म्हणजे तिची धाकटी बहीण चैत्राली.

आम्ही आयर्लंडमध्ये गॉलवेत राहतो. मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुरेखा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. ऑपरेशनमध्ये सर्जन आतली जखम पिना मारून बंद करतात, त्या स्टेपलरची मूठ कशी असावी हे ठरवणं तिचं काम. चैत्राली ह्यूस्टनला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. दोघींचे वडील दीनानाथ, म्हणजे आमचे बाबा, नागपूरला पोलीस मुख्यालयात शस्त्रागाराचे हवालदार होते. लहानपणी चैत्राली त्यांच्या मागे मागे शस्त्रागारात जायची आणि फ्रॉकला बंदुकीच्या तेलाचा वास घेऊन परत यायची. सुरेखा पहिला नंबर आणायची. "तिले काय सांगा लागते? ती करते आपलं आपलं," असं बाबा म्हणायचे. हे कौतुक होतं की सुटका, याचा निकाल सुरेखाने अजून लावलेला नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि विमानं बंद पडल्यावर अडकले. सुरेखाला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी बाप एकटीच्या वाट्याला आला होता. ती पहाटे उठून त्यांच्यासाठी भाकरी करायची. कामावरून आली की कोटही न काढता त्यांच्याजवळ बसायची. बाबा म्हणायचे, "आली?" ती म्हणायची, "आले." झालं, संपलं. पुढे दोघं खिडकीबाहेर बघत बसायची. एकदाच काय ते बाबा खुलले. गाडीतून जाताना नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, थांबवलं, तर हे मान वळवून वळवून बघतायत. "याच्या कमरेले तं काहीच नाही!" इथले साधे पोलीस बिनहत्यारी फिरतात, हे त्यांना घरी येईपर्यंत पटलं नाही.

जूनमध्ये चैत्रालीचा फोन आला. घटस्फोटानंतर ती एकटी राहायची. दुकान बंद करून निघताना पार्किंगमध्ये एका माणसाने तिच्या गाडीचं दार ओढलं होतं. दार लॉक होतं म्हणून निभावलं. तिच्याकडे ग्रीन कार्ड होतं, हत्यार जवळ बाळगायच्या परवान्याचा अर्जही तिने केला होता. आता कपड्यांखाली दिसणार नाही असं लहान पिस्तूल हवं होतं.

"बाबा, तुम्हीच सांगा, कोणतं घेऊ?"

बाबा खुर्चीत ताठ झाले. त्या दिवसापासून रोज ह्यूस्टनच्या सकाळी, म्हणजे सुरेखा घरी यायच्या सुमाराला, टॅबलेटवर बापलेकीची मैफल सुरू. खिशात मावेल का, कमरेला टोचेल का, रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल, घोडा ओढायला किती जड. बाबा हसायचे, रागवायचे, हातवारे करायचे. सुरेखा कोट घालून दारात उभी. आता "आली?"सुद्धा बंद झालं होतं.

"तिला भीती वाटली तर पिस्तूल," स्वयंपाकघरात प्रेसचं दार आपटत ती मला म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलोय. "मला भीती वाटली तर? इथे साधा पेपर स्प्रे ठेवायलाही बंदी. बाबा म्हणतील, कडी लावून घे."

"तुला वाटते का भीती?"

"नाही. पण वाटली असती तर?"

बहिणीच्या भीतीचाही तिला हेवा वाटत होता. मी हसलो, त्यामुळे दोन दिवस मला बिनमिठाची आमटी मिळाली.

पंचाईत अशी होती की तेव्हा ह्यूस्टनमध्ये बंदुकांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या होत्या, आणि कोविडमुळे काउंटरवर वस्तू हाताळू देत नव्हते. हातात न घेता निवडायचं कसं? एका संध्याकाळी बाबा सुरेखाला म्हणाले, "पोरी, हात दे बरं तुझा."

सुरेखाने हात पुढे केला. बाबांनी तो उलटा केला, बोटं सरळ केली, तिचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवला. ती एकदम शाळेतल्या मुलीसारखी दिसायला लागली. मग बाबा टॅबलेटकडे वळले. "हो, हाच हात. तुमच्या लग्नात दोघींच्या बांगड्या एकाच मापाच्या भरल्या होत्या न. आता हिच्या हातावर पाहतो, मंग तुले सांगतो."

सुरेखाचा चेहरा पडला, पण तिने हात काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर पुन्हा कोण मागणार होतं, असं ती मला नंतर म्हणाली.

बाबांनी कुंपणाची जुनी फळी घेतली आणि वेबसाइटवरची मापं बघून लाकडी पिस्तुलं घडवायला बसले. रोज एक सुरेखाच्या हातात. "बोट घोड्यावर नाही, बाहेर ठेव. अंगठा खाली. हां." तिची बोटं ते स्वतः एकेक करून बसवायचे. आणि सुरेखा रोज एक पिस्तूल नापास करायची. हे टोचतं. हे निसटतं. हे जाडच आहे. मला तिची लबाडी कळत होती. निवड झाली की हात सुटणार होता.

शेवटी चैत्राली वैतागली. "ताई, एक तरी पास कर ना यार! काल परत तोच माणूस माझ्या गाडीमागे आला होता. मला रोज त्या पार्किंगमधून चालत जावं लागतं."

मी सुरेखाला आत नेलं आणि सरळ सांगितलं, "तुझा हेवा तुझ्यापाशी ठेव. तिकडे तिच्या जिवावर बेतलंय."

ती रडली, मग तोंड धुऊन आली. "माझं चुकलंच. पण बाबा निवडतायत तेही खरंच चुकीचं आहे, उपेंद्र. हे मी जळून नाही सांगत."

बाबांचं पक्कं मत होतं, बाईचा हात लहान, तर पिस्तूल सगळ्यांत लहान. दुसऱ्या दिवशी सुरेखाने कारखान्यात विचारून स्टेपलरच्या दोन जुन्या नमुन्याच्या मुठी आणल्या, एक आखूड आणि एक लांब. "बाबा, दाबून बघा."

आखूड मुठीवर बाबांची करंगळी खाली लोंबत राहिली. दातओठ खाऊन दाबलं तरी दांडा अर्ध्यावर अडकला. लांब मूठ मात्र शेवटपर्यंत दाबली गेली.

"लहान हातांच्या सर्जन बायकांसाठी आम्हीही आधी लहान मूठ केली होती," सुरेखा म्हणाली. "त्यांनी ती परत पाठवली. हात लहान असला तरी सगळी बोटं बसायला जागा लागते. शिवाय पिस्तूल जेवढं हलकं, तेवढा धक्का जास्त. गोळी चढवताना वरचा भाग मागे ओढायलाही अवघड. त्यात घाबरून हाताला घाम सुटलेला असेल. तिला थोडं मोठं घेऊ द्या, वरून सैल कुर्ता घालेल."

बाबांनी लांब मूठ पुन्हा एकदा दाबून बघितली. "तुझं काम हे असते का वं?"

"हेच असतं, बाबा."

त्यांनी टॅबलेट लावला. "चैत्राली, ताई सांगते ते घे. तिले समजते."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"तिले वाटते तेच मले वाटते."

चैत्रालीने "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. सुरेखा त्या संध्याकाळी भांडी घासताना गात होती, आणि तिला गाता येत नाही.

चैत्रालीने मधल्या आकाराचं पिस्तूल घेतलं, रेंजवर जाऊन सराव केला. मग परवाना आला. तिचे फोन कमी झाले. बाबा आता सुरेखाची वाट बघायचे. सर्जन डावखुरा असला तर काय करता? रक्ताने हात घसरत नाही का? जेवण गार व्हायचं, पण दोघं उठायची नाहीत.

महिनाभराने चैत्रालीने मला फोन केला. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाली, "जिजू, बाबा आजकाल काय करून राहिले?"

"ताईशी गप्पा मारतात."

"कशाबद्दल?"

"स्टेपलरबद्दल."

"रोज? एवढं काय असतं स्टेपलरमध्ये?"

तो सूर मी ओळखला. त्या सुराशी माझं लग्न झालंय.

हे सुरेखाला सांगितलं, तेव्हा ती आधी मनापासून खूश झाली. मग जरा वेळाने बाबांकडे गेली. "बाबा, चैत्रालीला फोन लावा ना."

"कायले? घेतलं न तिनं." बाबा खरंच गोंधळले होते. "आता काय बोलू तिच्याशी?"

तेव्हा सुरेखाला कळलं. कामाशिवाय लेकीशी बोलायचं कसं, हे त्या माणसाला येतच नव्हतं. इतकी वर्षं तिच्या वाट्याला काम आलं नव्हतं, एवढंच.

"काय बोलू काय? पिस्तूल घेतलं, पण ठेवते कशात? कमरेच्या होल्स्टरचं ठरलंच नाही अजून. पर्समध्ये तसंच टाकून फिरते म्हणे."

हे साफ खोटं होतं. होल्स्टर तिने पिस्तुलाबरोबरच घेतलं होतं, आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"पर्समध्ये? येडी हाये का ते?" बाबांनी टॅबलेट ओढला. "काय वं चैत्राली, उघडं पिस्तूल पर्समध्ये ठेवते?"

पलीकडून चैत्राली हळूच म्हणाली, "हो ना, बाबा. सांगा ना, कोणतं होल्स्टर घेऊ?"

सुरेखा स्वयंपाकघरात येऊन कांदा चिरायला लागली. बाहेर बाबा मोठ्याने हसले. तिची सुरी थांबली.

"ऐकलंस? माझ्याशी हसलेत कधी असे?"

"अगं, फोन तूच लावून दिलास ना?"

"मीच दिला," ती म्हणाली. "म्हणून काय जळायचंही नाही?"