मूठमास्तर आणि बिनआचेचे गोळे

मूठमास्तरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाळी सहाची आणि कारखाना चालत पाऊण तासावर. मधल्या वेळात अर्धा किलो भाजके शेंगदाणे सोलायचे. तळहातांत चोळून, सुपात पाखडून, राहिलेले एकेक वेचून काढायला वीस मिनिटं लागतात. घाई केली तर सालं राहतात, आणि ती त्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, घशाला चिकटतात. म्हणून घाई करायची नाही. मग खलबत्त्यात कूट. घरात मिक्सर होता, पण तो तापला की कुटाला तेल सुटतं आणि वास येतो. वासाचंच तर भांडण होतं.

आमचा ओतकामाचा कारखाना. मी भट्टीवर होतो, मास्तर साचे बनवायचे. एकतीस वर्षं एकच काम. वाळूत माती आणि पाणी मिसळायचं, ती लाकडी चौकटीत ठोकून बसवायची आणि आत लोखंड ओतायला जागा ठेवायची. वाळूतला ओलावा मोजायला कंपनीने यंत्र आणलं होतं. ते कपाटावर पडून असायचं. मास्तर मूठभर वाळू घ्यायचे, आवळायचे, मूठ उघडायचे. बोटांचे ठसे उमटले आणि ढेकूळ मधोमध सरळ मोडलं, की म्हणायचे, "भरा." नाहीतर वाळू परत. पाणी जास्त झालं तर तापलेलं लोखंड पडताच वाफ होते आणि साचा फुटतो. मास्तर रजेवर असताना एकदा फुटला होता. माझ्या पोटरीवर त्याची खूण आहे. त्यांच्या मुठीच्या भरवशावर आम्ही काम केलं, त्यावरूनच त्यांचं नाव मूठमास्तर पडलं.

वहिनींच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढता येईल, पण वजन सदतीस किलो हवं. वहिनी साडेपस्तीसवर होत्या. तीन आठवड्यांत दीड किलो वाढवा, मग बघू. नाही वाढलं तर काय, हे मास्तरांनी विचारलं नाही. डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

वजन वाढवायचं कसं? शिजवलेल्या अन्नाचा वास आला की वहिनींना उलटी व्हायची. फोडणी लांबच राहिली, भात उकळला तरी उमासा यायचा. शेजारणीने गॅस पेटवला की इकडे खिडकी लावायची. तिखट-खारट काही पोटात ठरत नव्हतं. थोडं गोड, तेही थंड असेल तर, राहायचं. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईने कागदावर लिहून दिलं: दाण्याचं कूट, डाळ्याचं पीठ, दूध पावडर, प्रोटीन पावडर, खजूर. सगळं कालवून गोळे करा, आच लावू नका, थंड करून द्या. दिवसाला बारा पोटात गेले पाहिजेत.

लेक कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला होती, सकाळी सातला निघायची आणि अंधार पडता पडता यायची. ती म्हणाली, "बाबा, मी करते ना."

"तू झोप. मिश्रण कालवायचं काम आहे. ते मला येतं."

सुट्टीच्या दिवशी मी गेलो तेव्हा मास्तर परातीपुढे उकिडवे बसले होते. खजूर वाटून घातला, पिठं घातली, दोन चमचे पाणी शिंपडलं, कालवलं. मूठ आवळली. उघडली. ठसे उमटले. ढेकूळ मधोमध सरळ मोडलं.

"बघ," ते मला म्हणाले. "एक नंबर."

मग अंगठ्याने दाबून दाबून गोळे वळले. सगळे एका मापाचे, एकावरही भेग नाही. पितळी डब्यात लावून डबा शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवला. तासाभराने एक वहिनींना दिला. वहिनींनी तोंडात धरला, चावायला गेल्या, थांबल्या.

"अहो," तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "हा खायचा आहे की याच्यात लोखंड ओतणार आहात?"

मी हसलो. लेक हसली. मास्तर हसले नाहीत. "चघळ," म्हणाले. "विरघळेल."

"दर तासाला एक म्हणे. भावोजी, तुम्हीच सांगा, मी काय तुमची भट्टी आहे कोळसा घालायला?"

पण त्यांनी तो संपवला. पाण्याचे चार घोट लागले.

पुढे रोज तेच. साडेचारला दाणे, सव्वापाचला बारा गोळे, सहाला पाळी. दुपारी दोनला सुटून घरी. शेजारीण फ्रिजमधून तासातासाला एक आणून द्यायची, रात्री डबा रिकामा दिसायचा. मास्तर कारखान्यात येऊन सांगायचे, "काल बाराच्या बारा गेले." मी विचारायचो, वजन? ते म्हणायचे, चढेल. पाळी संपली तरी हात धुवायलासुद्धा थांबायचे नाहीत, तसेच वाळूचे हात घेऊन निघायचे.

दहाव्या दिवशी दवाखान्यात काटा केला. पस्तीस भरले. अर्धा किलो उतरलं होतं.

मास्तर काट्याशी भांडले. काटा कधी तपासला ते विचारलं, मोजणाऱ्या पोरीला दोनदा उतरून चढायला लावलं. ती बिचारी चढली. काटा बरोबर होता. डॉक्टर म्हणाले, "खाल्लेलं जातंय कुठे?" वहिनी खिडकीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाळी अर्धी टाकून घरी गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. वहिनी डोळा लागून पडल्या होत्या. चादर नीट करायला गेले तर उशीच्या अभ्र्यात हाताला काहीतरी कडक लागलं. गोळे होते. अभ्र्यात सात, गादीखाली कागदात गुंडाळलेले अकरा, कपाटामागे पिशवीत आणखी. मास्तरांनी सगळे फरशीवर मांडले आणि तिथेच खाली बसले. वहिनी जाग्या झाल्या तरी ते उठले नाहीत.

हे मला मास्तरांनी सांगितलं. पुढचं बोलणंही त्यांनीच सांगितलं.

"टाकून का नाही दिलेस? निदान मला कळलं असतं."

"कचऱ्यात दिसले असते."

"मग नको म्हणायचंस."

"कसं म्हणू? साडेचारला उठून दाणे चोळता. मला आवाज येतो." वहिनी रडत होत्या. "पहिले दोन-तीन दिवस रेटले. मग घसाच मिटतो हो. तोंडात सिमेंट होतं त्याचं."

"मी रोज तपासून करतो."

"कशाने?"

"हाताने."

"तोंडात टाकलाय का कधी एकतरी?"

मास्तरांनी टाकला नव्हता. दहा दिवसांत एकही नाही. साच्याची वाळू कुणी चाखत नाही. त्यांनी फरशीवरचा एक उचलला, पुसला आणि चावला. टाळूला चिकटला. जिभेने सुटेना. खडूसारखी चव, मग घशात कोरडा लोट. निरोगी माणसाला, कारखान्यात दोन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाला, तो गिळायला अडीच मिनिटं लागली. त्यांनी घड्याळ लावून मोजली.

"दहा दिवस," ते मला सांगताना म्हणाले. "दहा दिवस मी तिला वाळू चारली. हात सांगत होता पाणी नको, मी ऐकत होतो."

हातात दहाच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी, लेक कामावरून आल्यावर, त्यांनी तीन परातींत तीन मिश्रणं केली; मीही तिथेच होतो. खजूर आधी दोन तास थंड पाण्यात भिजवला. प्रोटीन पावडर निम्मी केली, दाण्याचं कूट वाढवलं, दूध पावडर दुप्पट, चिमूटभर मीठ. कालवून मूठ आवळली की ढेकूळ बसकं होऊन तळहाताला चिकटायचं. तशी वाळू त्यांनी आयुष्यभर फेकून दिली होती. हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जायचा. लेकीने डबाच उचलून माळ्यावर ठेवला.

"आता तोंडात घाला, बाबा. मूठ मिटायची नाही."

गोळी गोटीएवढी, न दाबता, चमच्याने नुसती सोडलेली. जिभेवर ठेवली की आपली आपण विरघळून बसली पाहिजे. नाही बसली तर परत कालवायचं. पहिल्या मिश्रणाला बसली नाही. दुसरं फार गोड झालं, वहिनींनी बघूनच तोंड फिरवलं. तिसऱ्यातली एक त्यांनी घेतली, डोळे मिटून थांबल्या. आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत होतो.

"अशा काय बघता? मढं आहे का मी?" म्हणाल्या. आणि मग, "आणखी एक."

ते दहा दिवस सोपे नव्हते. एके दिवशी तीन गोळ्या, एके दिवशी एकही नाही आणि वर उलटी. मास्तरांनी बिनपगारी रजा टाकली आणि दर अर्ध्या तासाला वाटी घेऊन पलंगाशी बसले. वहिनी शिव्या द्यायच्या. एकदा वाटी भिंतीवर मारली. मास्तरांनी भिंत पुसली आणि नव्याने कालवलं. अभ्रा ते रोज तपासायचे, वहिनींच्या समोर. "झडती घ्या," त्या म्हणायच्या. काही मिळायचं नाही. तरी तपासायचे.

शेवटच्या काट्याला छत्तीस किलो सहाशे ग्रॅम भरले. सदतीस नाहीच. मास्तर दारातच उभे राहिले. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, आधीचा आणि हा.

"चढतंय," म्हणाले. "थांबलो तर परत उतरेल. मंगळवारी घेऊ."

मास्तरांनी फंड काढला. एकतीस वर्षांची वाळू त्यात होती. त्यातून ऑपरेशन झालं, सोळा दिवसांची खाट झाली, औषधं झाली. शेवटी जे राहिलं त्यातून वहिनींना घरी आणायला टॅक्सी केली. बसचे धक्के टाक्यांना सोसले नसते. मास्तर त्याआधी कधी टॅक्सीत बसले नव्हते. वहिनी मागे लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून आडव्या, मास्तर पुढे. प्रत्येक खड्ड्याआधी ते ड्रायव्हरला म्हणत होते, "सावकाश. पैसे आहेत माझ्याकडे. सावकाश."