माशी बघ म्हणजे काय बघ

चाळिशीचा चष्मा लागल्यावर दादाला पिस्तुलाच्या नेम धरायच्या लोखंडी खुणा धूसर दिसायला लागल्या. तेव्हा मीच शहाणपणा करून त्याच्या परवान्याच्या पिस्तुलावर लाल ठिपका दाखवणारी काच बसवायला लावली. दादा निवृत्त फौजी, मी आयुष्यभर कचेरीत खुर्ची झिजवलेला.

सोसले गावाजवळच्या आमच्या उसात फासातून सुटलेलं एक रानडुक्कर अंगावर आलं. दादाने पिस्तूल उपसेपर्यंत सुळ्याने त्याची मांडी फाडली. तो आडवा पडला, पिस्तूल माझ्या पायाशी आलं आणि डुक्कर पुन्हा वळलं. मी पिस्तूल उचलून काचेत पाहिलं, तर ठिपका नाहीच! बॅटरी संपलेली.

"माशी बघ रे, माशी!" दादा ओरडला.

त्याच्या मांडीतून रक्त उसळत होतं आणि त्यावर दोन माश्या आल्याही होत्या. मी डाव्या हाताने त्या हाकलायला लागलो.

"अय्यो मुठ्ठाळा, नळीच्या टोकावरची!" मुठ्ठाळ म्हणजे कानडीत मूर्ख.

बंदुकीच्या पुढच्या खुणेला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माशी म्हणतात, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. तोवर डुकराचं तोंड दादाच्या पोटाशी पोचलं होतं. मी नळी डुकराच्या कानात खुपसली आणि डोळे मिटून तीनदा चाप ओढला. कवटीचे तुकडे माझ्या तोंडावर उडाले.

टाके पडत असताना दादा वहिनीला म्हणाला, "यानं नेम धरला असता, तर मलाच लागली असती."

घरी आल्यावर त्याने ती काच काढून टाकली. माशी धूसर तर धूसर, म्हणाला, जागेवर असते तरी.