मामांनी पुरलेले बनियन

पाटोदा तालुक्यातल्या मातीवर माझ्या धाकट्या मामांइतकं निस्सीम प्रेम कुणी केलं नसेल. या प्रेमापोटी ते तिच्यात बनियन पुरत. सुती कापड खाते ती माती जिवंत, असं त्यांचं मत. ‘कर्ब’, म्हणजे मातीतला कार्बन, हा शब्द तर ते नातवाच्या नावासारखा लाडाने उच्चारत. लग्नाला गेले की अक्षता पडेपर्यंत मांडवामागच्या शेतात उकिडवे बसून ढेकळं फोडत, हुंगत. एकदा नवऱ्या मुलाच्या बापाला, “तुमची जमीन लई उपाशी हाय,” असं सांगून आले. त्या गृहस्थांना तो पंगतीवरचा टोमणा वाटला.

दुष्काळ पडला आणि आमच्या गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमननी गायरान नांगरून निलगिरी लावायचं मनावर घेतलं. झाडं आली की मागोमाग पाऊस येईल, असं त्यांचं भाषण होतं. मामांना झाडांचं वावडं नव्हतं, पण गायरान म्हणजे त्यांचा जीव. “गवताची मुळं मरत्यात आन तिथंच कुजत्यात, त्यातून कर्ब साठतो. नांगर घातला की गेला वाऱ्यावर. निलगिरी तो कवा भरून देणार?” मग सोसायटीनेच दिवाळीला वाटलेल्या बनियनांपैकी त्यांनी एक गायरानात पुरला आणि एक सोसायटीच्या जुन्या निलगिरीखाली. कोरड्या मातीत काही कुजत नाही, म्हणून टँकरच्या पाण्यातला तांब्याभर दोन्हींना रोज. मामी कडाडल्या, “माणसं तहानलेली, आन ह्यांच्या बनियनांना पाणी!”

दोन महिन्यांनी सर्वसाधारण सभेत मामांनी दोन्ही बनियन उकरून आणून उंच धरले. निलगिरीखालचा धुऊन घालण्याजोगा होता. गायरानातल्याची नुसती शिवण उरली होती. सभा थक्क झाली. मग मागून आवाज आला, “चेअरमनसाहेब, ह्यो माल वाटला व्हय आमाला?”

“माझा तर न पुरताच फाटला की!” दुसरा उठला.

चेअरमन खरेदीचा खुलासा करता करता घामाघूम झाले, सभा तहकूब झाली आणि निलगिरीचा ठराव मांडायचा राहूनच गेला. परतताना मी मामांचं अभिनंदन केलं. ते खिन्नपणे म्हणाले, “कर्बाचं एकानं बी इचारलं न्हाई रे भाच्या.”

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. गायरानावर गवत आहे, शेळ्या चरतात. तिथून जाताना मी कधीतरी मूठभर माती उचलून हुंगतो. मला तिचा वास मातीसारखाच वाटतो. तो ठराव पुन्हा आला नाही. सोसायटी मात्र तेव्हापासून दिवाळीला स्टीलचे डबे देते.