चॉकलेटचं वाळवण

आर्णी गावात आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचा उन्हावर फार विश्वास. पापड, कुरड्या, इतकंच काय, पाण्यात पडलेला मोबाइलही त्या गच्चीवर वाळत टाकतात. बोलताना त्यांचे हात हवेत पोळी लाटत असतात.

मागच्या दिवाळीत मी त्यांना गॅस न पेटवता होणारे चॉकलेटचे लाडू शिकवले. भाऊबीजेला पुसदच्या भाच्या येणार म्हणून काकूंनी चाळीस वळले. मी म्हटलं, आता फ्रीजमध्ये ठेवा.

"गॅस नाही, ऊनबी नाही? कच्चे राह्यतीन ना बाई."

दुपारी त्यांची हाक आली. गच्चीवर टेबलावर घालायचं, उठावदार फुलांचं प्लास्टिक अंथरलेलं, आणि त्यावर चाळीस लाडवांचं एकच तळं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि इतक्या हसलो की काकू पायरीवरच बसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हासून काय राह्यली, दुसरं टोक धर."

फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून ते तळं प्लास्टिकसकट आत सरकवलं. संध्याकाळी काकूंनी त्याच्या वड्या कापल्या. प्रत्येक वडीच्या पाठीवर फूल उमटलं होतं.

भाऊबीजेला भाच्यांनी विचारलं, "आत्या, साचा कुठून आणला?"

"पुसदले नाही भेटत तो," काकू शांतपणे म्हणाल्या.

काल त्या माझ्याकडे चहाला आल्या. चहा निवत होता आणि त्यांचं बोट माझ्या टेबलावरच्या नव्या प्लास्टिकवरून फिरत होतं.

"बाई, यातला मोर उमटन काय?"