दोघींच्या छातीतली एकच बुरशी

किडनी बदलल्यानंतर दर महिन्याला मी खापरखेड्याहून नागपूरला तपासणीला जायचे. नोकरी वीजकेंद्राच्या प्रयोगशाळेत, बॉयलरचं पाणी तपासण्याची. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये मी एकटीच राहते. किडनी दिली ती थोरल्या बहिणीनं. बरी होऊन ती रायपूरला आपल्या घरी परतली आणि त्यानंतर आमचं बोलणं औषधं आणि रिपोर्टपुरतं उरलं. मला गर्दीत जायला मनाई होती, त्यामुळे हळदीकुंकू, बारसं, लग्न सगळंच बंद झालं. शेजारणी सुरुवातीला आवर्जून बोलवायच्या. दोन-तीनदा नाही म्हटल्यावर बोलवणं थांबलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यामुळे कोणाशेजारी बसून दोन घास खायची माझी एकच जागा उरली होती, ती म्हणजे ओपीडीबाहेरचा बाक. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट यायला दुपार व्हायची. त्या बाकावर मला ती भेटली. उमरेडची, माझ्याहून बरीच मोठी, घरच्या हातमागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "तुले कोणं देल्ली?"

"बहिणीनं. तुम्हाला?"

"मले सासूनं. आता तिच्याशी भांडाले तोंड नाही राह्यलं वं."

मी खूप दिवसांनी हसले. मग आमची तारीख एकच पडेल असं दोघी बघू लागलो. ती बोलायची, मी ऐकायचे. कधी दोघी गप्प बसायचो, तेही चालायचं. तिच्या अंगानं एकदा किडनी नाकारायला सुरुवात केली होती, म्हणून तिच्या सल्फाच्या गोळ्या इतरांपेक्षा लांबल्या होत्या. न्यूमोनिया होऊ नये म्हणून आम्हा सगळ्यांनाच त्या सुरुवातीला द्यायचे. माझ्या कधीच्या बंद झाल्या होत्या.

मग एका थंडीत मला कोरडा खोकला लागला. थोडा ताप होता. प्रयोगशाळेचा जिना चढताना श्वास पुरेना, तेव्हा सुट्टी टाकून नागपूर गाठलं. त्यांनी दाखल करून घेतलं. नळी घालून फुफ्फुसातलं पाणी तपासलं, तेव्हा न्यूमोनिया करणारी बुरशी निघाली. उपचार त्याच सल्फाचे, फक्त मोठ्या मात्रेत. पण उतार पडेना. ऑक्सिजन वाढवावा लागला. वेगळ्या खोलीत मी एकटी पडून होते. बहिणीचा फोन यायचा. तिला यायचं होतं, पण एका किडनीवरच्या बाईनं या वॉर्डात येऊ नये असं मीच सांगितलं. शेवटी डॉक्टरांनी औषध बदललं आणि हळूहळू मला पूर्ण वाक्य बोलता यायला लागलं.

आमच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगायच्या. माझा नमुना त्यांनी जनुकं वाचायला बाहेर पाठवला होता. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बुरशीच्या एका जनुकात बदल सापडलेत. सल्फाचं औषध जिथं काम करतं, नेमके तिथंच."

मी विचारलं, "प्लेटवर वाढवून, वरून औषध घालून पाहिलं नाही का?" प्रयोगशाळेतली माझी सवय तशी.

"ती प्लेटवर नीट वाढतच नाही. म्हणून जनुकं वाचावी लागतात. औषध अजिबात चालणार नाही असंही कोणी ठामपणे सांगत नाही. पण तुम्हाला उतार नव्हता."

"हे बदल माझ्या अंगात झाले?"

"तुम्ही कितीतरी महिने सल्फा घेतलं नव्हतं. बहुतेक सल्फा घेणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून आयते आले असावेत. ही बुरशी माणसाच्या फुफ्फुसातच राहते, आणि श्वासावाटे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. धडधाकट माणसाला कळतही नाही."

त्या गेल्यावर मी विचार करत पडले. क्वार्टरमध्ये कोणी येत नव्हतं. प्रयोगशाळेत माझं टेबल कोपऱ्यात. माझ्या इतक्या जवळ बसून श्वास घेणारं माणूस एकच होतं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर, आपल्याला काही लागण होण्याइतकं कोणी जवळ आहे, याचंच बरं वाटलं. हे मी कोणाला बोलले नाही.

मी घरी आले आणि थोड्याच आठवड्यांनी कळलं की बाकावरची माझी सोबतीणही दाखल झाली आहे. तिच्या बुरशीतही तेच बदल निघाले. कोणाकडून कोणाला, की दोघींना तिसऱ्याच कोणाकडून, ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तीही वाचली. पण पुढच्या तपासणीला गेले तर ओपीडीबाहेरचा बाक काढलेला होता. एकेकट्या खुर्च्या दूरदूर मांडल्या होत्या, तोंडाला मास्क, आणि प्रत्येकाला वेगळी वेळ. तिची तारीख आता वेगळ्या आठवड्यात होती. व्यवस्था योग्यच होती. मी डॉक्टर असते तर तेच केलं असतं.

दोन महिने थांबून मी एसटीनं उमरेडला गेले. मास्क लावूनच. ती अंगणात उन्हाला बसली होती, वाळलेली, डोळे मोठे झालेले. मी फाटकाजवळच खाट ओढून बसले.

"काहून वं, एवढ्या लांब?" ती म्हणाली. "मीच देल्ली असंन तुले."

"नाहीतर मी तुम्हाला."

"कोणं का देल्ली असंना. जगलो ना दोघी."

आम्ही बोलत राहिलो. तिच्या सासूनं दुरून चहाचा कप आणून खाली ठेवला. म्हातारी काटक होती. निघताना सासू माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, राग नका मानू. पण आता येऊ नका. माह्यापाशी एकच होती द्याले."

मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं." खरंच बरोबर होतं. ती बस दिसेपर्यंत थांबली, मग परत गेली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शेजारची जागा रिकामीच राहिली, कारण मास्क पाहून लोक पुढं सरकत होते.

त्यानंतर फोनवर बोलून पाहिलं. फोन तिच्या मुलाचा. तो नेऊन द्यायचा आणि तिथंच उभा राहायचा. ती रक्तातलं क्रिएटिनिन किती आलं ते विचारायची, मी सांगायचे. मग ती तिचं सांगायची. त्यानंतर दोघींनाही काही सुचायचं नाही. बाकावर गप्प बसता यायचं, फोनवर येत नाही. "ठेवू का वं?" असं ती विचारायची आणि मी हो म्हणायचे. हळूहळू फोन सणासुदीवर आले.

माझी तब्येत आता चांगली आहे. तपासणीची वेळ सकाळची पहिली मिळाली आहे, रिपोर्ट मोबाइलवर येतात. नागपुरात थांबायचं काही कारण उरलेलं नाही, त्यामुळे जेवायच्या आत मी क्वार्टरवर परत आलेली असते.