वडिलांची दुनळी बंदूक दुरुस्त करावी का?

मित्रहो, आज सकाळी वडिलांची जुनी दुनळी बंदूक नगरला कारागिराला दाखवली. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. धाकटा भाऊ मागेच लागला होता, "दुरुस्त कर, दादा. आण्णांची शान हाय ती."

कारागीर म्हणाला, "दुरुस्त होईल. पण नळ्या आतून गंजल्यात, त्यांत पाणी कुणी ओतलं?"

दुपारी मिरजगावला परतल्यावर आईला सहज विचारलं. खंडेनवमीला शस्त्रं धुऊन पूजा तीच करायची.

"मीच वतायची," आई म्हणाली. "तुझ्या बापानं एकदा पिऊन माझ्या छातीवर धरली हुती. पूजेला धुतली म्हंजी कोण काय इचारतंय?"

भाऊ चिडला. "जुनं कशाला उकरतीस, आई? नुसती भिंतीला तर लावायचीय."

"लाव की. जेवायला बसल्यावर मला समोर दिसंल अशी लाव."

खरं सांगतो, हे ऐकूनही ती बंदूक पुन्हा चकचकीत व्हावी असं मला वाटतंय, आणि त्याचीच चीड येतेय.

तुमच्या घरात जी वस्तू सगळे अभिमानाने दाखवतात, तिच्याबद्दल आईला कधी विचारलंय का?